इटेनच्या शाळेतली झाडं

केनियाच्या पश्चिम भागात, एल्डोरेट शहरापासून साधारण 35 किलोमीटरवर इटेन नावाचं गाव आहे. उंची सुमारे 2,400 मीटर. गावाच्या एका अंगाला जमीन एकाएकी तुटते आणि खाली केरियोचं खोरं पसरलेलं दिसतं. रस्ते लाल मातीचे. त्या मातीला तिकडे ‘मरम’ म्हणतात, म्हणजे शब्द आपल्या मुरमाच्याच घरातला. गावात शिरताना एक कमान लागते आणि तिच्यावर ‘विजेत्यांचं घर’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी आहे. कमानींवरचा मजकूर सहसा निम्माच धरावा. इथे मात्र पाटी रंगवणाऱ्यानं फारसं काही वाढवून सांगितलेलं नाही.

याच गावात सेंट पॅट्रिक्स हायस्कूल आहे. मुलांची निवासी शाळा. पॅट्रिशियन ब्रदर्स या आयरिश धर्मसंघाची. हा संघ 1808 साली आयर्लंडमधल्या टुलो गावी स्थापन झाला, आणि शाळा चालवणं हेच त्याचं मुख्य काम. शाळेच्या आवारात झाडं आहेत आणि झाडांपाशी नावांच्या पाट्या. इथल्या मुलानं जागतिक पातळीवर नाव काढलं की त्याचं एक झाड लागतं, अशी रीत आहे.

त्या सगळ्या डोंगराळ पट्ट्यात उंची तीच, हवा तीच, माणसंही तीच. शाळा शेकडो. मग याच आवारात इतकी झाडं का, एवढाच या टिपणाचा प्रश्न आहे.

भूगोलाचे सर

1976 साली आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातून ब्रदर कॉल्म ओकॉनेल इटेनला आले. वय तिशीच्या आत. काम भूगोल शिकवण्याचं आणि मुक्काम जेमतेम तीन महिन्यांचा ठरलेला. अॅथलेटिक्सशी त्यांचा काहीएक संबंध नव्हता. स्वतः कधी धावले नव्हते, प्रशिक्षणाचा कागद हातात नव्हता.

शाळेत त्या वेळी पीटर फॉस्टर नावाचा इंग्रज शिक्षक मुलांच्या शर्यतींचं बघत होता. हा ब्रेंडन फॉस्टरचा भाऊ. त्याच 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला अॅथलेटिक्समध्ये एकच पदक मिळालं, 10,000 मीटरचं ब्राँझ, आणि ते ब्रेंडनचं होतं. म्हणजे घरात धावण्याचं वातावरण असलेला माणूस योगायोगानं या शाळेत होता. त्यानं नव्या ब्रदरना हाताशी धरलं आणि थोड्याच काळात तो मायदेशी परतला. मैदान ब्रदर कॉल्म यांच्या गळ्यात पडलं.

शाळेत हे नेहमीचंच. पीटीचे सर बदलून गेले की जो तरुण शिक्षक ‘नाही’ म्हणायला बिचकतो त्याच्या हाती शिट्टी येते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपते. मुलं पळतात, शिक्षक सावलीत उभे राहतात, वर्षाकाठी एक स्पर्धा होते. ब्रदर कॉल्म यांचं वेगळेपण म्हणाल तर त्यांना आपल्याला काही येत नाही याची लाज वाटली नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा ते बघत राहिले. कोणता मुलगा पाय कसा टाकतो, थकल्यावर खांदे कुठे जातात, कोण पुढच्याच्या पाठीकडे बघतो आणि कोण जमिनीकडे. आपण जे काही शिकलो ते या मुलांकडूनच, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. मोठ्या माणसांच्या तोंडी असली वाक्यं नम्रतेपोटी येतात म्हणून मी ती सोडून देतो. इथे मात्र ती अक्षरशः खरी दिसतात, कारण दुसरीकडून शिकायला त्यांना जागाच नव्हती.

पुढे काही वर्षं ते शाळेचे मुख्याध्यापक होते. शिकवणं सुटलं तरी शाळेचं आवार आणि मैदान सुटलं नाही. तीन महिन्यांचा मुक्काम चार दशकांच्याही पुढे गेला.

वाट कशी होती

1976 हे साल केनियाच्या धावपटूंसाठी फार वाईट होतं. न्यूझीलंडच्या रग्बी संघानं वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला म्हणून आफ्रिकी देशांनी माँट्रियलवर बहिष्कार टाकला. 1980 साली मॉस्कोलाही केनिया गेला नाही. म्हणजे 1972 च्या म्युनिकनंतर थेट 1984. मधल्या बारा वर्षांत ज्यांची भर उमेद होती त्यांना ऑलिंपिकचं मैदान दिसलंच नाही.

आणि परंपरा तर होती. 1968 साली मेक्सिकोत किप केनोनं 1500 मीटरचं सुवर्ण घेतलं, त्याच स्पर्धेत नफ्ताली तेमूनं 10,000 मीटरचं आणि अॅमॉस बिवॉटनं स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळण्याच्या शर्यतीचं. ब्रदर कॉल्म येण्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. ‘एका आयरिश ब्रदरनं केनियाला पळायला शिकवलं’ अशा थाटाच्या गोष्टी वाचल्या की हे साल आठवावं.

मग बहिष्काराच्या काळात पळणाऱ्या मुलाला पुढे काय होतं? अमेरिकेतली विद्यापीठं. तिथे धावण्यावर शिष्यवृत्ती मिळे. राहणं, खाणं, शिक्षण आणि दर आठवड्याला शर्यत. पण त्यासाठी शाळा पूर्ण केलेली हवी, इंग्रजी हवं, परीक्षेचा निकाल हवा. नुसते पाय घेऊन चालणार नव्हतं. सेंट पॅट्रिक्सचं पारडं पहिल्यांदा जड झालं ते इथे, असं मला वाटतं. ही आधी शाळा होती आणि मग मैदान. इब्राहिम हुसेन इथून न्यू मेक्सिको विद्यापीठात गेला, पीटर रोनो मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीजमध्ये. दोघांच्याही बाबतीत विमानाचं दार उघडलं ते पायांबरोबर वह्या-पुस्तकांनीही.

नावं

1984 साली लॉस एंजेलिसला केनियाचा संघ परत उतरला तेव्हा त्यात चार्ल्स आणि किप्कोएच चेरुइयोत हे जुळे भाऊ होते. वय वर्षं एकोणीस, दोघेही सेंट पॅट्रिक्सचे. चार्ल्स 5,000 मीटरच्या अंतिम फेरीत सहावा आला. पदक नाही, पण एका खेड्यातल्या हायस्कूलची दोन सख्खी भावंडं एकाच ऑलिंपिकमध्ये, याचा गावावर काय परिणाम झाला असेल ते सांगायला नको.

इब्राहिम हुसेन 1987 साली न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकला. ती जिंकणारा तो पहिला आफ्रिकी. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये तो आणि टांझानियाचा जुमा इकांगा शेवटच्या काही मीटरपर्यंत एकत्र होते. 42 किलोमीटर पळून झाल्यावर दोघांत एका सेकंदाचं अंतर राहिलं आणि ते हुसेनच्या बाजूनं पडलं. बॉस्टनलाही पहिला आफ्रिकी तोच. 1991 आणि 1992 मध्ये त्यानं बॉस्टन पुन्हा जिंकली. आज या शर्यतींत केनियाचं नाव वर नसेल तर बातमी होते. 1987 पर्यंत ते वर आलंच नव्हतं, हे चटकन लक्षात येत नाही.

मला या यादीतला सगळ्यात ओढ लावणारा माणूस पीटर रोनो वाटतो. 1988, सोल ऑलिंपिक, 1500 मीटर. वय एकवीस. स्टीव्ह क्रॅम, पीटर इलियट अशी दादा मंडळी शर्यतीत. रोनोचं नाव कुणाच्या गणतीत नव्हतं. निम्मी शर्यत झाल्यावर तो पुढे आला आणि पुढेच राहिला. मागचे सगळे आत्ता ओलांडू, मग ओलांडू करत राहिले आणि रेषा आली. वेळ 3:35.96, म्हणजे विश्वविक्रमाच्या आसपासही नाही. संथ सुरुवातीच्या डावपेची शर्यतीत त्यानं योग्य क्षणी पुढची जागा धरली आणि सोडली नाही, बस्स. 1500 मीटरचा तोवरचा सर्वांत तरुण ऑलिंपिक विजेता ही नोंद त्याच्या नावावर झाली. त्यानंतर त्यानं कोणतीही मोठी स्पर्धा जिंकली नाही. शाळांच्या इतिहासात अशा माणसांना ‘नंतर मागे पडला’ म्हणून दोन ओळींत उरकतात. मला ते पटत नाही. एका मुलाच्या वाट्याला एक दुपार येते आणि ती तो चुकवत नाही, एवढं पुरे असावं.

1992 साली बार्सिलोनात केनियानं स्टीपलचेसची तिन्ही पदकं घेतली. त्यातलं सुवर्ण मॅथ्यू बिरिरचं, तोही याच शाळेचा.

आणि विल्सन किपकेटर. धावण्यातली चमक बघून त्याला या शाळेत आणलं गेलं. 1990 साली तो शिकायला डेन्मार्कला गेला आणि तिथलाच झाला. डेन्मार्ककडून 1995, 1997 आणि 1999 असा तीनदा तो 800 मीटरचा जगज्जेता होता. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी त्याला हरवणारा कुणी दिसत नव्हता, पण डॅनिश नागरिकत्वाची मुदत भरली नव्हती, म्हणून त्याला उतरताच आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं सगळा राग ट्रॅकवर काढला असं म्हणायला हरकत नाही. सेबॅस्टियन को या ब्रिटिश धावपटूचा 1:41.73 हा विक्रम 1981 पासून उभा होता. जुलै 1997 मध्ये स्टॉकहोमला किपकेटरनं त्याची बरोबरी केली. 13 ऑगस्टला झुरिचमध्ये 1:41.24. अकरा दिवसांनी कोलोनमध्ये 1:41.11. ऑलिंपिक सुवर्ण मात्र शेवटपर्यंत हाती लागलं नाही. सिडनीत रौप्य, अथेन्सला ब्राँझ.

सुट्टीतलं शिबिर

आता थोडं कामाच्या पद्धतीबद्दल, कारण नावांच्या यादीपेक्षा शिक्षकांना उपयोग याचाच.

केनियात शाळांना एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये सुट्ट्या असतात. सुट्टी लागली की निवासी शाळेची मुलं घरी जातात, आणि वसतिगृह, खोल्या, मैदान सगळं रिकामं पडतं. 1989 साली ब्रदर कॉल्म यांनी या रिकाम्या जागेत तरुण धावपटूंचं शिबिर सुरू केलं. त्यातून दोन गोष्टी घडल्या. एक, दुसऱ्या शाळांतली मुलं येऊ लागली. दुसरी जास्त महत्त्वाची. सेंट पॅट्रिक्स मुलांची शाळा, पण शिबिरात मुली आल्या. लिडिया चेरोमेई त्यांतली एक. 1991 साली अँटवर्पला ती क्रॉसकंट्रीची, म्हणजे रानावनातून पळण्याच्या शर्यतीची, कनिष्ठ गटातली जगज्जेती झाली तेव्हा तेरा वर्षांची होती. सॅली बार्सोसिओ 1997 मध्ये 10,000 मीटरची जगज्जेती. जानेथ जेप्कोस्गेई 2007 मध्ये 800 मीटरची. या मुली शाळेच्या पटावर कधीच नव्हत्या. तेव्हा पटाच्या आधारानं इतिहास लिहायला बसलं की निम्मा इतिहास बाहेर राहतो.

शिबिरातलं काम बाहेरून बघणाऱ्याला निराश करणारं असतं. अंग मोडून घेणारी शर्यत नाही, उलट्या होईपर्यंत पळवणं नाही. सकाळी अगदी हळू, गप्पा मारता येतील इतक्या वेगानं धावणं. मग कवायतीसारखे व्यायाम: गुडघे उचलणं, उड्या, पाय टाकण्याची ढब, मान आणि खांदे सैल ठेवणं. पुन्हा पुन्हा तेच. मोठे, नावाजलेले धावपटू ओळीत पुढे आणि कालच आलेला पोरगा त्यांच्या मागे, त्यांची नक्कल करत. शिक्षक बाजूला उभे. कमी बोलतात.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हळू पळवणं हे ज्यानं कधी शालेय संघ सांभाळला आहे त्यालाच कळेल किती अवघड असतं. मुलाला जिंकायचं असतं, पालकांना प्रमाणपत्र हवं असतं, संस्थेला ढाल हवी असते. तालुका पातळीवर उरी फुटेस्तोवर पळवलेली आणि अठराव्या वर्षी गुडघे धरून बसलेली पोरं कोणत्याही देशात सापडतात. इटेनच्या शिबिरात घाई नाही, आणि माझ्या मते साऱ्या पद्धतीचं मर्म तिथेच आहे. विसाव्या वर्षी काय होईल ते बघायचं असेल तर पंधराव्या वर्षी हात आवरावा लागतो.

मग श्रेय कुणाचं

उंचीला पहिला मान द्यायलाच हवा. 2,400 मीटरवर हवा विरळ, शरीर तांबड्या रक्तपेशी वाढवून तिच्याशी जुळवून घेतं, आणि जन्मापासून तिथे वाढलेल्याला ते आपसूक मिळतं. त्या पट्ट्यातले बहुतेक लोक कालेंजिन समाजाचे. 2019 च्या जनगणनेत हा समाज केनियाच्या सुमारे 13 टक्के होता, पण देशाच्या धावण्यातल्या पदकांत त्याचा वाटा याच्या कितीतरी पट. यावर जनुकांपासून गुरं राखण्यापर्यंत सगळी स्पष्टीकरणं दिली गेली आहेत.

‘मुलं रोज पळत शाळेत जातात’ हे त्यांतलं सगळ्यांच्या आवडीचं. ते निव्वळ दंतकथा नाही. स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी केनियन मुलांवर केलेला अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं, हे त्यात मोजलं होतं. लांबचा रस्ता रोज चालत-पळत शाळेला जाणाऱ्या मुलांचा आकडा सरासरी 62 होता आणि तसं न करणाऱ्यांचा 47. फरक मोठा आहे. फक्त एक बारकावा: सेंट पॅट्रिक्स ही निवासी शाळा आहे. तिथे वर्गात जायला आवार ओलांडावं लागतं, डोंगर नाही. पळत जाण्याची पुण्याई प्राथमिक शाळेतली, ती घेऊन मुलं इथे येतात.

आणि उंची, समाज, प्राथमिक शाळेची पायपीट हे सगळं शेजारच्या शाळांनाही होतंच. त्यामुळे ‘याच शाळेत का’ याला ते उत्तर होत नाही. माझं उत्तर असं की निवासी असणं, परीक्षेचा धाक, सुट्टीत उघडं राहणारं वसतिगृह आणि एकाच जागी दशकानुदशकं थांबलेला शिक्षक, हे चारही एका ठिकाणी आले. त्यातही थांबणं. बदल्या होत राहिल्या असत्या तर 1984 च्या जुळ्यांना पाहिलेला डोळा 1997 साली कुठे मिळाला असता?

यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. पहिली चार झाडं लागल्यावर पाचवं लावणं सोपं होतं. किपकेटरसारख्या मुलाला ‘तू पळतोस ना, मग इटेनला जा’ असं सांगितलं जातं. चांगलं पळणारी मुलं याच शाळेच्या वाटेला लागतात आणि शेजारच्या शाळेची यादी तेवढी रोडावते. म्हणजे यादी ही काही अंशी यादीचीच करामत. यशस्वी शाळांचा अभ्यास करताना हे वजा करायला हवं. नेमकं किती वजा करायचं याचा तराजू मात्र नाही.

गावाचंही रूप बदललं. आता जगभरचे धावपटू उंचीवरच्या सरावासाठी इटेनला येतात, मो फाराह, पॉला रॅडक्लिफ येऊन गेले. एजंट, खाजगी शिबिरं, बुटांच्या कंपन्या आल्या. पैशाबरोबर पैशाची माणसंही आली. उत्तेजकांची प्रकरणं या गावाच्या वेशीतही शिरली. वर जिचा उल्लेख आला त्या लिडिया चेरोमेईवरही पुढे बंदी आली. ऑक्टोबर 2021 मध्ये अॅग्नेस तिरोप ही पंचवीस वर्षांची धावपटू इटेनमधल्या आपल्या घरात भोसकलेल्या अवस्थेत मृत सापडली. आदल्याच महिन्यात तिनं 10 किलोमीटरच्या फक्त महिलांच्या शर्यतीचा विश्वविक्रम केला होता. यातलं काही त्या शाळेच्या माथी मारता येत नाही. पण धावण्यात पैसा येण्याआधीची संथ शिबिरं आणि नंतरचं गाव यांत फरक पडला, हेही लपवून चालणार नाही.

जे नाव पटावर नाही

इटेन म्हटलं की आज पहिलं नाव येतं डेव्हिड रुडिशाचं, आणि पुष्कळ लेखांत त्याला सेंट पॅट्रिक्सचा माजी विद्यार्थी करून टाकलेलं असतं. तो तिथला नव्हे. तो मसाई, किलगोरिसकडचा. शिकला किमुरोन इथल्या सेंट फ्रान्सिस शाळेत. वडील डॅनियल रुडिशा 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमधल्या 4×400 मीटर रिलेच्या रौप्यविजेत्या संघात होते, म्हणून पोरगाही 400 मीटरच पळत होता. ब्रदर कॉल्म यांच्या शिबिरात तो आला आणि त्यांनी त्याला 800 मीटरकडे वळवलं. हा त्यांच्या ‘बघण्याचा’ सर्वांत मोठा दाखला.

9 ऑगस्ट 2012, लंडन. ऑलिंपिकमध्ये वेग ठरवून देणारा भाडोत्री धावपटू नसतो, म्हणून अंतिम शर्यती बहुधा सावध असतात, रोनोच्या सोलसारख्या. रुडिशानं पहिल्या पावलापासून पुढची जागा घेतली. पहिली फेरी 49.28 सेकंदांत. दुसऱ्या फेरीत सगळे त्याच्या मागून नुसते ओढले जात होते. वेळ 1:40.91. 1:41 च्या आत त्याआधी कुणीच आलं नव्हतं. दुसरा आलेला बोत्स्वानाचा अठरा वर्षांचा नायजेल अॅमॉस, वेळ 1:41.73. हा नेमका कोचा जुना विश्वविक्रम, आणि त्या ऑलिंपिकच्या संयोजन समितीचा अध्यक्ष स्वतः को होता. सोळा वर्षं जगात अजिंक्य राहिलेल्या वेळेत पळून त्या दिवशी रौप्य मिळालं.

किपकेटरचा 1:41.11 हा आकडा रुडिशानं दोन वर्षं आधीच मोडला होता, ऑगस्ट 2010 मध्ये बर्लिनला, 1:41.09. आठवड्यानंतर रिएतीत 1:41.01. म्हणजे 1997 च्या उन्हाळ्यात 800 मीटरचा विक्रम एका माणसाकडे गेला आणि त्यानंतर दुसऱ्याकडे. पहिला त्या शाळेच्या पटावरचा, दुसरा पटाबाहेरचा, आणि दोघंही ज्या मैदानावर पाय टाकायला शिकले ते एकच.